कूलरच्या खोलीतला हंसराज

रत्नागिरीला आमच्या घरामागे जांभ्याची बांधलेली विहीर आहे आणि तिच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या वर चार-पाच हातांवर, हंसराज माजलाय. माजलाय हाच शब्द. कोणी लावला नाही, कोणी खत घातलं नाही, विहीर साफ करताना गडी खरवडून काढतो आणि पुढच्या पावसात परत हजर. तोच हंसराज नर्सरीत मेडनहेअर फर्न म्हणून 180 रुपयांना मिळतो, आणि लग्न होऊन नागपूरला आल्यापासून मी तो विकत घेऊन घेऊन मारलाय. आईला फोनवर सांगितलं तर आधी ती मिनिटभर हसलीच, मग म्हणाली, "अगो, विहिरीतलं गवत विकत घेतेस?"

पहिला एप्रिलमध्ये आणला होता. आठ दिवसांत पानं अशी झाली की हातात घेतली की पापडाचा चुरा. दुसऱ्याच्या वेळी मी स्प्रेची बाटली घेतली, कारण सगळे व्हिडिओ हेच सांगत होते, मिस्टिंग करा मिस्टिंग करा, तर मी दिवसातून सहा-सहा वेळा फुसफुस करत बसायचे. शेजारच्या काकू दारातून बघून म्हणाल्या, "काऊन वं, झाडाले आंघोळ घालून राहिली का?" तोही गेला, फक्त पंधरा दिवस जास्त घेऊन गेला. तिसरा मुद्दाम जुलैत आणला, म्हटलं आता हवेत इतका दमटपणा आहे, आता काय मरतोय, तर तो मुळापासून सडला. म्हणजे दोन कोरडेपणानं आणि एक ओलीनं. घर तेच, खिडकी तीच.

मग मात्र मी ते छोटं डिजिटल मीटर मागवलं, तापमान आणि ह्युमिडिटी दोन्ही दाखवणारं, तीनशे-साडेतीनशेला मिळतं. ज्यांच्याकडे आहे त्यांना एक सांगते, त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका, आधी मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, त्यात पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करायचं (विरघळवायचं नाही हं), ते आणि मीटर दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून रात्रभर विसरून जायचं. ओल्या मिठाच्या शेजारची बंद हवा 75 टक्क्यांवर येऊन थांबते, हा मिठाचा गुणच आहे. माझं मीटर 81 दाखवत होतं. म्हणजे सहा जास्त, तेव्हापासून मी आकडा वाचते आणि मनात सहा वजा करते. आकड्यांचं म्हणाल तर मे 2024 मध्ये आमच्या नागपुरातच एका स्वयंचलित हवामान केंद्रावर 56 अंश दिसले होते, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याला सांगावं लागलं की बाबांनो सेन्सरची गडबड आहे. तिथे ही गत, तर माझं साडेतीनशेचं मीटर काय चीज आहे.

आता मुख्य गोष्ट, जी मला कळायला तीन हंसराज लागले. आपण ह्युमिडिटी ह्युमिडिटी करतो, पण तो टक्क्यांचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. टक्के कशाचे, तर त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढं पाणी धरू शकते त्याचे. आणि ते तापमानाप्रमाणे भयंकर बदलतं. 20 अंशांवर एक घनमीटर हवा साधारण 17 ग्रॅम पाणी धरते, 30 ला 30 ग्रॅम, 40 ला 51 ग्रॅम. म्हणजे मीटरवर दोन्हीकडे 50 टक्केच दिसत असले तरी 20 अंशांची हवा अजून साडेआठ ग्रॅम पिऊ शकते आणि 40 अंशांची हवा 25 ग्रॅम. झाडाला जाणवते ती ही तहान. हवेची तहान. ती पानातून पाणी ओढते.

व्यावसायिक ग्रीनहाऊसवाले यालाच व्हीपीडी (व्हेपर प्रेशर डेफिसिट, म्हणजे हवेतल्या बाष्पाच्या दाबाची तूट) म्हणतात आणि किलोपास्कलमध्ये मोजतात, बऱ्याच पानांच्या झाडांना 0.8 ते 1.2 ठीक असं धरतात, पण मला ते किलोपास्कल काही डोक्यात बसेना म्हणून मी ग्रॅममध्येच हिशोब करते. आणि खरं सांगायचं तर दोरीवरचा टॉवेल बघितला तरी पुरतं. नागपुरात मे महिन्यात गॅलरीत टाकलेला टॉवेल चहा होईपर्यंत कडक होतो, उभा राहील असा. रत्नागिरीत जुलैत तोच टॉवेल तीन दिवस वास मारत लटकतो. टॉवेल जेवढ्या घाईनं वाळतोय तेवढ्याच घाईनं पान वाळतंय, फरक इतकाच की पानाला खालून मुळं पाणी पुरवतायत, आणि हंसराजची मुळं आणि देठ एवढे नाजूक की तो पुरवठा करू शकत नाही. टॉवेल दिवसभरात सावकाश वाळेल अशी जागा म्हणजे झाडाची जागा.

मी वहीत काढलेले आकडे देते, मीटरचे सहा वजा करून. मे महिन्यात दुपारी तीनला गॅलरी: 44 अंश, 14 टक्के. हवेची तहान जवळजवळ 53 ग्रॅम. आईकडे ओटीवर मेमध्ये: 32 अंश, 70 टक्के, तहान 10 ग्रॅम (सुट्टीत मीटर पर्समधून घेऊन गेले होते, नवरा अजून चिडवतो). विहिरीत मीटर दोरीनं सोडलं तर 26 अंश आणि 90 टक्के, तहान जेमतेम अडीच ग्रॅम. 53 कुठे आणि अडीच कुठे! आणि मी बाटलीनं फुसफुस करत होते. आमची खोली दहा बाय बाराची, उंची दहा फूट, म्हणजे साधारण 34 घनमीटर हवा. स्प्रेच्या एका फेरीत दहा मिली पाणी उडत असेल, ते सगळं हवेत मिसळलं तरी घनमीटरमागे 0.3 ग्रॅम. आणि तेही पाच मिनिटांत खिडकीतून पसार. खड्यांच्या ताटात पाणी ठेवून वर कुंडी ठेवायची ती युक्तीही मी केली, कुंडीच्या अगदी बुडाशी दोन-तीन टक्के वाढतात, फुटावर काही नाही. दिसायला छान दिसतं एवढंच. आणि डास.

तर मग या 53 ग्रॅमच्या शहरात काय करायचं. उत्तर आमच्या खिडकीत दरवर्षी होळीनंतर लागतच होतं आणि मी त्याला फक्त आवाज करणारं खोकं समजत होते. कूलर.

कोकणातल्या लोकांना कूलर कळत नाही, मलाही कळत नव्हता, कारण आपल्याकडे तो चालतच नाही. बाहेरची कोरडी कडक हवा ओल्या ताट्यांमधून (कूलरच्या बाजूंना लावलेले गवती पडदे) आत ओढली जाते, ताटीतलं पाणी उडतं, उडताना हवेची उष्णता घेऊन जातं, हवा गार होते आणि दमटही. माठाचं तत्त्व, फक्त पंखा लावून. म्हणजे झाडाला जे दोन्ही पाहिजे ते एकाच वेळी होतं, तापमान उतरतं आणि पाणी वाढतं. आमची 40 लिटरची टाकी सकाळी अकराला भरली की संध्याकाळी सहाला तळ दिसतो, ते 40 लिटर गेलं कुठे, तर हवेत गेलं. स्प्रेची बाटली दहा मिली, कूलर 40 लिटर. कूलरच्या खोलीत दुपारी मीटर 29 अंश आणि 60 टक्के दाखवतं, हवेची तहान साडेअकरा ग्रॅम. आईच्या ओटीच्या जवळपास आलो की! बाहेर नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ भाजून काढणारे दिवस, चालू असताना.

आणि गंमत बघा, बेडरूममध्ये एसी आहे, तिथे 25 अंश असतं, माणसाला कूलरच्या खोलीपेक्षा केव्हाही बरं, पण ह्युमिडिटी 38, तहान 14 ग्रॅम. म्हणजे चार अंशांनी गार असूनही झाडाला ती खोली जास्त कोरडी. एसी हवेत पाणी घालत नाही, उलट जे असेल त्यातलं काढून नळीवाटे बाहेर टाकतो. कॅलाथियाच्या पानांच्या कडा तपकिरी का होतायत असं विचारणाऱ्या दहातल्या आठ जणांच्या फोटोत मागे एसी दिसतोच.

पण कूलर आहे म्हणून झाडं नेऊन त्याच्या तोंडाशी ठेवू नका, ती चूक मी केलीय. एकतर एवढ्या वाऱ्यात पानं फाटतात आणि वारा स्वतःच पान वाळवतो, पानाभोवती जी दमट हवेची पातळ साय असते ती उडवून लावतो. दुसरं म्हणजे कूलर बारीक तुषार फेकतो आणि आमचं बोअरचं पाणी एवढं जड आहे की आठवड्यात पानांवर पांढरे ठिपके. मला वाटलं भुरी पडली, औषध फवारलं, मग नखानं खरवडून बघितलं तर क्षार. आता झाडं कूलरपासून सहा-सात फुटांवर, बाजूच्या कोपऱ्यात, पूर्वेच्या खिडकीजवळ. आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी हवीच. हवा बाहेर जायला वाट नसेल तर तीच दमट हवा फिरत राहते, मीटर 85 वर जातं, कूलर गार करायचा थांबतो, माणसंही चिकचिक होतात आणि भिंतीलाही बुरशी येते. ताट्या दर सीझनला बदला, वाळ्याच्या मिळाल्या तर वासही छान येतो. टाकीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी काढून टाका, नुसतं वरून भरत राहिलात तर क्षार साठत जातात आणि डेंग्यूचे डास होतात ते वेगळंच.

आता हंसराजकडे येते, कारण कूलरच्या खोलीतही त्याला साडेअकरा ग्रॅम जास्तच होते. बाकी फिलोडेंड्रॉन, मनीप्लांट, पीस लिली, अगदी कॅलाथियासुद्धा तिथे खूश, पण याला विहीर पाहिजे. लेकाचा माशांचा जुना टँक पडला होता, दोन फुटी, काचेचा. तळाला खडे, त्यावर नारळाचा कोकोपीट, आत कुंडी, वर अॅक्रिलिकचं झाकण. चौथा हंसराज आणला, आत ठेवला, मीटर 28 अंश आणि 92 टक्के, मी एकदम विजयी वगैरे.

आणि मग मी तो टँक "थोडा उजेड मिळू दे" म्हणून पश्चिमेच्या खिडकीत ठेवून ऑफिसला गेले.

संध्याकाळी आले तर काचेवर आतून धारा, मीटर 49 अंश. ह्युमिडिटी मात्र 90, म्हणजे टक्क्यांच्या हिशोबानं सगळं छान! पानं उकडलेल्या पालेभाजीसारखी. उजेड काचेतून आत येतो, गरमी बाहेर जात नाही, उन्हात बंद गाडीचं जे होतं तेच. आणि हवा आधीच भरलेली असली की पानाला घाम येऊन गार व्हायचीही सोय राहत नाही, ते नुसतं शिजतं. त्या दिवसापासून माझा नियम एकच, मीटरवर आधी तापमान बघायचं, 32 च्या वर असेल तर ह्युमिडिटीचा आकडा वाचायचाच नाही, आधी ते उतरवायचं. सावली करा, पडदा ओढा, जागा बदला. ग्रीन नेट लावायची तर काचेच्या बाहेरून लावा, आतून लावली तर ऊन आत आल्यावर अडवून काय उपयोग, गरमी आतच राहिली.

पाचवा हंसराज टँकमध्येच आहे, पण कूलरच्या खोलीत, खिडकीपासून चार फूट, झाकण इंचभर सरकवलेलं, वर एक साधी एलईडी ट्यूब. आत 28 अंश, 85 टक्के, तहान चार ग्रॅम. त्याला आता चौदा महिने झालेत. अख्खं घर कोकण करायच्या नादाला लागले होते त्याऐवजी दोन फुटांची विहीर केली, झालं काम.

पावसाळ्याचं थोडं सांगते कारण तिसरा तेव्हाच गेला होता. आमच्याकडे जून अर्धा होईपर्यंत भट्टी आणि मग आठवड्याभरात चित्र उलटं, घरात 28 अंश, 88 टक्के, तहान तीन ग्रॅम. एवढी कमी तहान म्हणजे झाड पाणी ओढतच नाही, कुंडी पाच-पाच दिवस ओली राहते, आणि मी उन्हाळ्याच्या सवयीनं रोज पेलाभर ओतत होते. मुळांना हवा मिळाली नाही, सडली. आता जुलैत कुंडी उचलून बघते, जड असेल तर पाणी नाही, काकूंनी कितीही सांगितलं तरी नाही. सकाळी मनीप्लांटच्या आणि अळवाच्या पानांच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबताना दिसतो ना, ते दव नाही, रात्री हवा पाणी घेत नाही आणि मुळं वर ढकलत राहतात म्हणून ते टोकातून गळतं. तो थेंब रोज दिसायला लागला की समजा कुंडीत भरपूर पाणी आहे. या दिवसांत कूलर बंद, झाकणं उघडी, आणि पंखा एकवर, दिवसरात्र, पानांवर नाही तर भिंतीकडे तोंड करून. हवा हलती राहिली की 88 टक्केसुद्धा चालतात. थांबलेल्या 80 मध्ये मात्र पानांवर काळे डाग आणि मातीत ती बारीक काळी चिलटं. चिलटांना पिवळे चिकट कार्ड लावा आणि माती वरून दोन बोटं वाळू द्या, बाकी उपाय सगळे करून झालेत माझे, दालचिनी पण टाकून झाली.

उलट एप्रिलमध्ये, कूलर लागायच्या आधीच्या त्या पंधरा दिवसांत, लाल कोळी येतो. अरेका पामवर हमखास. पान फिकट, खालून बघितलं की बारीक जाळी. कोरड्या गरम हवेत याची पिढी आठवड्याभरात तयार होते, म्हणून रविवारी दिसला आणि पुढच्या रविवारी बघू म्हटलं की संपलं. बाथरूममध्ये नेऊन पानांच्या खालून हँडशॉवरनं जोरात धुवायचं, तीन-तीन दिवसांनी, तीनदा.

हिवाळ्याबद्दल लोक उगाच घाबरतात. डिसेंबरात मीटर 18 अंश आणि 45 टक्के दाखवतं आणि बाजूला ते रडकं तोंड येतं, ड्राय म्हणून. पण हिशोब करा, तहान साडेआठ ग्रॅम, आईच्या ओटीवरच्या मे महिन्यापेक्षाही कमी. ह्युमिडिफायर घ्यायची काही गरज नाही. इथे त्रास थंडीचाच, तोही रात्रीचा. माझं अँथुरियम स्लायडिंग खिडकीला टेकून होतं, खोलीत 17 असताना काचेजवळ 12, पानांवर काळपट चट्टे आले. दोन फूट आत ओढलं, थांबले. पाणी कमी, आणि नळाचं बर्फासारखं पाणी थेट नाही, सकाळी भरून ठेवलेलं दुपारी घालते.

आणि याच थंडीनं एक गोष्ट अशी दिली की आईची जिरली. फॅलेनॉप्सिस ऑर्किड, भेट मिळालेलं, फुलं गळल्यावर दोन वर्षं नुसती पानं. त्याला फुलाचा दांडा काढायला काही आठवडे 25 अंशांच्या खालचं वातावरण लागतं. रत्नागिरीत ते मिळायची मारामार, तिथे थंडीतही दुपारी 30 च्या वर. माझ्याकडे नोव्हेंबर-डिसेंबर आपोआप मिळालं आणि जानेवारीत दांडा आला, नऊ फुलं. आईचं त्याच वेळचं ऑर्किड अजून पानंच काढतंय. फोटो पाठवला तर निळी टिक आली, उत्तर नाही.

स्नेक प्लांट, झेडझेड, अडेनियम ही मंडळी मी यात धरतच नाहीये, त्यांना 53 ग्रॅम काय नि पाच काय. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या ज्यांना मीटरबिटर नको असेल त्यांनी सरळ तीच लावा, कमीपणा काही नाही.

आता माझा प्रश्न वेगळाच झालाय. पुढच्या आठवड्यात दहा दिवस रत्नागिरीला जायचंय, भर मेमध्ये, आणि बंद घरात कूलर चालू ठेवून जाता येत नाही. कुंड्या बाथरूममध्ये, पाण्यानं भरलेल्या दोन बादल्यांबरोबर, खिडकीला ओली चादर, टँकचं झाकण पूर्ण बंद पण अंधाऱ्या कोपऱ्यात, असं ठरवलंय. किल्ली काकूंकडे, त्या संध्याकाळी चादर ओली करतील. मोबदला म्हणून त्यांनी विहिरीतला हंसराज मागितलाय, "तो विकतचा नको वं, तुह्या मायच्या घरचा आण." मेमध्ये, ट्रेननं, विदर्भ ओलांडत. मटणाचा मोठा थर्मास आहे घरात, त्याचं तोंड पुरेसं रुंद आहे का ते आत्ता बघून आले.